उधन्याच्या कुमुदबेन

दर जूनमध्ये कायद्याच्या कॉलेजातली पाच-सहा मुलं आमच्या ऑफिसात काम शिकायला येतात. कॉलेजने त्यांना एक छापील फॉर्म दिलेला असतो. त्यात एक रकाना असतो: 'तुम्हाला लोकहिताच्या कामात का यावंसं वाटतं?' मुलं तो फार मन लावून भरतात. कुणी राज्यघटनेतलं वाक्य लिहितं, कुणी आपल्या आजोबांबद्दल लिहितं. मी वाचते आणि खाली सही करते. खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. पण त्या वयात मला कुणी हे विचारलं असतं, तर मी काय लिहिलं असतं? घरापासून चालत जाता येईल असं वकिलाचं ऑफिस मला हवं होतं, आणि सुरतेतल्या लिंबायतहून चालत जाण्यासारखं ऑफिस एकच होतं, ते उधन्याला. एवढंच खरं उत्तर होतं.

त्या ऑफिसातल्या कुमुदबेन टिपणीस यांनी हा प्रश्न कधी कुणाला विचारला नाही. नवीन मूल आलं की त्या त्याच्या पायांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चपला मजबूत आहेत ना?"

माझी शाळा शिंदखेड्याची, मराठी माध्यमाची. वडील सुरतेत लूम्सवर कामाला. बारावी झाल्यावर आई आम्हा भावंडांना घेऊन सुरतेला आली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. कायद्याच्या वर्गात गुजराती कळायची पण बोलता यायची नाही, इंग्रजी वाचता यायची पण कळायची नाही. मी मागच्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायची आणि घरी येऊन शब्दकोश काढायची. अशी मुलगी दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एका वकीलबाईंकडे गेली.

ऑफिस पिको-फॉलच्या दुकानावर होतं. लाकडी जिना, वर एकच खोली. खालच्या मशिनचा घरघर आवाज दिवसभर फरशीतून पायांना लागायचा. मी दारात उभी राहिले आणि आतल्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, सडपातळ, पांढऱ्या सुती साडीतल्या. मला वाटलं, माझ्यामागे कुणीतरी मोठं माणूस आलं असावं. मी मागे वळून पाहिलं. जिन्यावर कुणीच नव्हतं.

"तूच," त्या म्हणाल्या. "ये, बस. तू बसलीस की मी बसते."

हे त्या सगळ्यांसाठी करायच्या. मिलमधला कामगार आला, भांडी घासणारी बाई आली, तरी त्या उठायच्या. गुडघे दुखायचे, टेबलाला धरून उठावं लागायचं, तरी उठायच्या. पहिल्यांदा येणारी माणसं घाबरायची. एक म्हातारे आजोबा तर त्या उठल्यावर परत जायला निघाले. त्यांना वाटलं ऑफिस बंद झालं. मी एकदा म्हटलं, "बेन, तुम्ही बसूनच बोला ना." त्या म्हणाल्या, "हा माणूस सकाळपासून चार टेबलांपुढे उभा राहून आलाय. पाचव्या टेबलावर तरी कुणी त्याच्यासाठी उभं राहायला नको?"

त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. वडील बँकेत होते, बदली होऊन सुरतेला आले आणि इथलेच झाले. कुमुदबेनचा जन्म सुरतेचा. गुजराती लोक त्यांना बेन म्हणायचे, खानदेशी कामगार बाई म्हणायचे. आम्ही मुलं मॅडम म्हणायला गेलो की त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या, मग आम्हीही बेन म्हणू लागलो. न्यायालयात त्या गुजराती आणि इंग्रजी बोलायच्या. रागावायच्या मात्र मराठीत. आणि कौतुक करायचं झालं तर एकच शब्द, तोही गुजराती: "चालशे." चालेल. एवढंच. तो शब्द मिळाला की मुलं जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची.

पन्नाशीत त्या अहिराणी शिकल्या. कामगारांकडूनच. आपल्या माणसांचं म्हणणं आपल्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागतं याची त्यांना लाज वाटली, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं. पण त्यांच्या घरातली मराठी अगदी पुस्तकी वळणाची, त्यामुळे त्यांची अहिराणीही तशीच यायची, प्रत्येक अक्षर वेगळं उच्चारलेलं. नथ्थूआबा नावाचे मिलमधले एक जुने कामगार नेहमी येऊन बसायचे. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमनी अहिराणीले चष्मा लागेल शे!"

खोलीतली सगळी माणसं हसली. बेनही हसल्या. म्हणाल्या, "मग आबा, नंबर किती ते तरी सांगा." आणि पुन्हा तशाच चष्मा लावलेल्या अहिराणीत त्यांचा कागद पुढे वाचू लागल्या.

वाचणं हा त्यांचा नियम होता. अर्ज असो, प्रतिज्ञापत्र असो, सही किंवा अंगठा घेण्याआधी तो कागद त्या माणसाला त्याच्या घरातल्या बोलीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा. कितीही घाई असो. न्यायालयाची वेळ होत आली असली तरी. आणि वाचून झाल्यावर "समजलं का?" असं विचारायचं नाही. बेन म्हणायच्या, समजलं का विचारलं की माणूस हो म्हणतो. त्याला विचारायचं, "यात तू आहेस का?"

दुसरा नियम म्हणजे जागा बघायची. आम्ही काहीही लिहून नेलं की त्या पेन्सिल हातात घेऊन विचारायच्या, "तू तिथे गेली होतीस?" नाही म्हटलं की कागद परत. उधन्याहून पांडेसरा, पांडेसराहून डिंडोली असं मी इतकं चालले की मजबूत चपलांचा प्रश्न का विचारला जातो ते मला पहिल्याच महिन्यात कळलं.

माझ्याबरोबर हर्षिल नावाचा मुलगा होता. अडाजणचा, चांगल्या घरातला, स्कूटरवरून यायचा. त्याला फक्त प्रमाणपत्र हवं होतं आणि ते त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बेन म्हणाल्या, "मिळेल. पण स्कूटर खाली ठेव आणि हिच्याबरोबर चालत जा."

हजीरा रस्त्यावर इच्छापोरच्या अलीकडे कंत्राटी कामगारांची एक वस्ती होती. तिथल्या बायकांना पाण्यासाठी महामार्ग ओलांडून जावं लागायचं. बेननी वस्तीत नळ मिळावा म्हणून अर्ज केला होता. आम्ही हरलो. जागा वस्तीतल्या कुणाच्याच नावावर नव्हती, तेच आमच्या विरोधात गेलं. निकाल दुपारी लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेन म्हणाल्या, "चला, सांगायला जाऊ."

हर्षिल म्हणाला, "बेन, फोन करून सांगितलं तर?"

"जिंकल्याची बातमी कुणीही देतं," त्या म्हणाल्या. "शिपाईसुद्धा पळत जाऊन देतो. हरल्याचं सांगायला वकिलाने स्वतः जायचं असतं."

वस्तीत बायका जमल्या. बेननी उभ्यानेच सांगितलं, हरलो. कुठे चुकलं तेही सांगितलं, त्यात आपली कुठली चूक झाली तेही. एक तरुण बाई कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "हरलात तर आलात कशाला मग? तोंड दाखवायला?"

"हो," बेन म्हणाल्या. "तुम्ही शिव्या द्याल, त्या मला समोर ऐकायच्या होत्या."

कुणीच शिव्या दिल्या नाहीत. त्या तरुण बाईने मूल खाली ठेवलं, घरातून बाज ओढत आणली आणि म्हणाली, "बसा तरी." बेन तासभर तिथे बसल्या. पुढचा अर्ज कुणाकडे करायचा ते तिथेच ठरलं. दुसऱ्या दिवसापासून हर्षिल स्कूटर घरी ठेवून यायला लागला.

पण मला सांगायचंय ते भिकनचं.

वैशाखात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यानंतर, एक बाई दोन भावांना घेऊन जिना चढून आली. थोरला सुभाष, धाकटा भिकन, आणि भिकनची बायको लताबाई. नंदुरबारकडची माणसं. भिकनच्या उजव्या हाताला मोठं बँडेज होतं. पांडेसराच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये रोलरमध्ये हात गेला होता. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला होता.

बेन उठून उभ्या राहिल्या. भिकनला बसवलं. मला म्हणाल्या, "तू लिहून घे सगळं. अर्जाचा मसुदा उद्या दाखव." त्यांना न्यायालयात जायचं होतं.

मी लिहून घेतलं. हकिगत साधी होती. सुभाष त्या मिलमध्ये सहा वर्षं कामाला. आखाजीला तो बायकोमुलांना घेऊन गावी गेला आणि आपल्या जागी भिकनला ठेवून गेला. भिकन सुभाषचं कार्ड खिशात घालून सुभाषच्या नावाने कामावर जात होता. अपघात झाला तेव्हा मिलच्या लोकांनी खिशातलं कार्ड बघून हॉस्पिटलात नाव सांगितलं, सुभाष. भरतीचा कागद सुभाषच्या नावावर, ऑपरेशन सुभाषच्या नावावर, घरी सोडल्याचा कागद सुभाषच्या नावावर.

यात मला काही वावगं वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ती चूक माझीच होती. आमच्याकडे आखाजीला गावी जायचं म्हणजे आपल्या जागी भाऊ, मेहुणा, चुलतभाऊ ठेवून जायचं, हे सगळेच करतात. मशिन बंद राहिलं तर जागा जाते. मुकादमालाही ते ठाऊक असतं, त्याला फक्त मशिनवर माणूस हवा असतो. माझ्या काकांनी दोन उन्हाळे माझ्या वडिलांच्या नावावर काम केलं होतं. घरी आम्ही त्याला 'बदलीवर जाणं' म्हणायचो. ते खोटं असतं हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

मग मी अर्ज लिहिला तो सुभाषच्या नावाने. सगळे कागद त्याच नावाचे होते, एकमेकांना जुळत होते. दोन्ही भाऊही तेच म्हणत होते. मिलचा एक माणूस त्यांना भेटून गेला होता. तो म्हणाला होता, सुभाषच्या नावाने करा, लवकर मिटवून टाकू. सुभाष थोडे दिवस गावी राहून मग गुपचूप कामावर परत येईल आणि भिकन कागदावर सुभाष म्हणून राहील. जन्मभर. त्यांना ते पटलं होतं. मलाही पटलं. रात्री घरी गेल्यावर मी स्वतःवर खूश होते, कारण इतका सुबक अर्ज मी त्याआधी लिहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा आली. बेननी माझा अर्ज घेतला आणि वाचायला बसल्या, चष्मा लावलेल्या अहिराणीत. मी सुभाष अमुक अमुक, वय इतकं, सहा वर्षांपासून कामाला. अमक्या दिवशी माझा उजवा हात रोलरमध्ये सापडला. माझी चार बोटं गेली. माझ्या कुटुंबात माझी बायको, असं म्हणून त्यांनी सुभाषच्या बायकोचं नाव वाचलं, मग सुभाषच्या दोन मुलांची नावं वाचली. शेवटी कागद खाली ठेवून त्यांनी भिकनला विचारलं, "यात तू आहेस का?"

भिकनने बँडेज केलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "बाई, हाई बठ्ठं खरं शे. पन हाऊ मी नही." हे सगळं खरं आहे, पण हा मी नाही.

लताबाई भिंतीला टेकून बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली. "मंग मी कोनी?"

मग मी कुणाची? कागदावर तिचा नवरा आता तिचा दीर झाला होता, आणि तिचा मुलगा दुसऱ्याच माणसाचा.

मला मान वर करवेना. बेननी मला काहीच म्हटलं नाही. तेच जास्त लागलं. त्यांनी पेन्सिल घेतली, सुभाषच्या नावावर एक रेघ मारली आणि वर भिकन लिहिलं. मग म्हणाल्या, "नोकरी भावाच्या नावावर करता येते रे. हात भावाच्या नावावर तुटत नाही."

सुभाष हात जोडून म्हणाला, "बाई, मी कार्ड दिलं हे लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"जाऊ शकते," बेन म्हणाल्या. "जाणार नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोघं विचार करून या. तुमचा हो आला तरच लिहीन. तुम्हाला नको असेल तर दुसरा वकील हे काम या नावाने करेल, मी पत्ता देते. मी मात्र करणार नाही."

त्या संध्याकाळी मी घरी वडिलांना सांगितलं, बदलीवर जाणं हे खोटं आहे. ते जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, "म्हणजे तुझा काका चोर का?" दुसऱ्या दिवशी मी हेच बेनना विचारलं. त्या म्हणाल्या, "चोर कसा? ज्याला त्या मशिनवर एक माणूस हवा आणि त्याचं नाव नको, त्याने ही सोय करून ठेवली आहे. तुझ्या काकांनी ती वापरली. काकांना माझा नमस्कार सांग."

दोन दिवसांनी सुभाष एकटाच आला आणि म्हणाला, "लिहा."

खऱ्या नावाने अर्ज गेला आणि मिलने उत्तर दिलं. ते असं होतं: कागदांप्रमाणे जखमी झालेला माणूस सुभाष. सुभाषचे दोन्ही हात धड आहेत, कुणीही येऊन बघावं. भिकन नावाचा कुणी आमच्याकडे कधी कामाला नव्हता. म्हणजे कागदाने एकीकडे न तुटलेला हात तोडला होता आणि दुसरीकडे तुटलेला हात पुसून टाकला होता. मी ते उत्तर वाचलं आणि मला वाटलं, माझाच सुबक अर्ज बरा होता.

बेन वाचून म्हणाल्या, "लिंबायतला जायचं. भिकनच्या खोलीवर."

भिकनची खोली एका अरुंद गल्लीत होती. एका खोलीत सात माणसं. बेन आत गेल्याच नाहीत. बाहेर ओट्यावर बसल्या, भिकनला शेजारी बसवलं आणि नवा अर्ज त्याला वाचून दाखवू लागल्या. रविवार होता, गल्लीतली माणसं घरी होती. ती हळूहळू जमली. अर्जात एक वाक्य होतं: आखाजीला गावी जाताना घरचा माणूस आपल्या नावावर ठेवायची आमच्यात रीत आहे आणि मिलमध्ये ती सगळ्यांना ठाऊक आहे. ते वाक्य आलं तेव्हा जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

नथ्थूआबा पुढे आले. त्याच मिलमधले ते सगळ्यात जुने. म्हणाले, "बाई, हाई लिखं तर आमना बठ्ठासना पोटवर पाय येई." आमच्या सगळ्यांच्याच पोटावर पाय येईल.

"येऊ शकतो, आबा," बेन म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या आता समजावतील, एकीबद्दल काहीतरी बोलतील, साक्षीला या म्हणतील. त्यांनी उरलेला अर्ज वाचला, भिकनला विचारलं यात तू आहेस का, तो हो म्हणाला, आणि त्या कागद पिशवीत घालून उठल्या. गल्लीच्या तोंडाशी मी न राहवून म्हणाले, "बेन, साक्षीचं विचारायचं राहिलं."

"विचारलं असतं तर त्यांना मला नाही म्हणावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "एकदा नाही म्हटलेल्या माणसाला परत येणं फार अवघड जातं."

इकडे हर्षिलला त्यांनी हॉस्पिटलात पाठवलं. मी सुभाषकडून कागदांच्या झेरॉक्स घेतल्या होत्या आणि त्यावरच समाधान मानलं होतं. "तू तिथे गेली होतीस?" असं बेननी विचारलं आणि मला नाही म्हणावं लागलं. हर्षिल गेला. नोंदी ठेवायच्या खोलीतल्या माणसाने त्याला तीनदा परत पाठवलं. मग न्यायालयाचं पत्र घेऊन तो चौथ्यांदा गेला. दुपारी ऑफिसातला फोन वाजला. मी उचलला तर पलीकडून हर्षिल ओरडत होता, "अंगूठो छे! बेनने कहे, अंगूठो छे!" अंगठा आहे, बेनना सांग.

ऑपरेशनच्या आधी रुग्णाची संमती घेतात, तो कागद मूळ फाइलमध्ये होता. वर नाव सुभाषचं. पण उजव्या हाताची ती अवस्था, म्हणून खाली डाव्या अंगठ्याचा ठसा घेतलेला. सुभाष त्या दिवशी गावी होता. ठसा भिकनचा होता. नाव खोटं सांगता आलं, अंगठा कसा सांगणार?

हर्षिल धापा टाकत जिना चढून आला. बेन म्हणाल्या, "चालशे." तो खाली जाऊन पिको-फॉलवाल्यांनाही लोचो घेऊन आला, वर भरपूर शेव आणि तेल घालून, आणि खालीवर सगळ्यांनी खाल्ला.

त्याच्याच पुढच्या आठवड्यात हर्षिलचे वडील आले. त्यांनी मुलासाठी हजीऱ्याच्या एका कंपनीत, कायदे विभागात, जागा बघून ठेवली होती आणि मुलगा आता जात नाही म्हणत होता. ते खुर्चीत बसायलाही तयार नव्हते. "बेन, तमे मारा दीकराने शुं करी नाख्युं?" माझ्या मुलाचं काय करून टाकलंत तुम्ही?

बेन त्यांच्यासमोर उभ्याच होत्या. शांतपणे म्हणाल्या, "में तो कंई नथी कर्युं, भाई. एने खाली एक वार हॉस्पिटल मोकल्यो'तो." मी काही केलं नाही, त्याला फक्त एकदा हॉस्पिटलात पाठवलं.

त्या छापील फॉर्ममधल्या रकान्याचं याहून खरं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

साक्षीच्या दिवशी आम्ही न्यायालयात गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर नथ्थूआबा बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. शेजारी मिलमधले आणखी दोघं. बेननी त्यांना बोलावलं नव्हतं. आधी सुभाष उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "मी आखाजीले गावले गयथू. मना नाववर हाऊ कामले व्हता." मी गावी गेलो होतो, माझ्या नावावर हा कामाला होता. मग आबा. मिलच्या वकिलांनी त्यांना विचारलं, तुम्हाला ही रीत कशी माहीत? आबा म्हणाले, "साहेब, मी सोता बारा वरीस दुसऱ्याच्या नावावर काम केलंय." वकील हसले. "म्हणजे बारा वर्षं खोटं बोललात?"

"बोललो," आबा म्हणाले. "आज नाही बोलत."

मी बेनकडे पाहिलं. त्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना बोलायचं काही नव्हतं, कुणी त्यांना उठायला सांगितलं नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, "काही हरकत घ्यायची आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही, साहेब." आणि आबांची साक्ष संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

सगळं गोड झालं असं नाही. सुभाषची नोकरी गेली. तो आता कामरेजला एका लहान कारखान्यात जातो. आबांना मिलने रंगखात्यातून काढून झाडलोटीला लावलं, आणि वर्षभराने ते स्वतःच गावी निघून गेले. अंगठ्याचा अहवाल यायला सहा महिने लागले. निकाल लागला तेव्हा पुढची आखाजी येऊन गेली होती. तो भिकनच्या बाजूने लागला.

त्याच पावसाळ्यात बेन गेल्या. बडोद्याला बहिणीकडे ऑपरेशनसाठी गेल्या होत्या, तिथेच. आमच्यापैकी कुणाला जाता आलं नाही, कळलंच उशिरा. ऑफिस मी आणि हर्षिलने पुढे चालवलं. त्याआधी निकालाची नक्कल घ्यायला बेनबरोबर गेलो होतो, तेच मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

नकला मिळायच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. भिकनचा नंबर आला. कारकुनाने रजिस्टर पुढे सरकवलं, नक्कल मिळाल्याची पोच द्यायची होती. भिकनचा हात बघून त्याने सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. "अंगूठो."

भिकन म्हणाला, "मी सही करस."

लताबाई मागून मला हळूच म्हणाली, दोन महिने झाले, पोराच्या पाटीवर डाव्या हाताने गिरवतो आहे. भिकनने पेन डाव्या हातात घट्ट धरलं आणि लिहायला वाकला. पण रजिस्टर गुळगुळीत फळीवर होतं, पेन टेकलं की ते पुढे सरकायचं. उजव्या हाताच्या उरलेल्या अंगठ्याने भिकनला ते दाबून धरता येईना. पहिलं अक्षर वाकडं झालं, रजिस्टर निसटलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जल्दी करो ना भाई." कारकुनाने पॅड पुन्हा पुढे केलं.

बेन बाजूला उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. मला वाटलं, त्या कारकुनाला काहीतरी बोलणार. त्या खिडकीच्या फळीवर वाकल्या आणि दोन्ही तळव्यांनी रजिस्टर दाबून धरलं. इतक्या वर्षांची वकिली केलेली बाई, काळा कोट घातलेली, कागद हलू नये म्हणून तिथे वाकून उभी राहिली. रांगेकडे त्यांनी पाहिलं नाही, कारकुनाकडे पाहिलं नाही. भिकन एकेक अक्षर काढत होता. भि. क. न. शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलं.

भिकनने पेन उचललं. कारकून म्हणाला, "पूरुं नाम. अटक पण लखो." आडनावही लिहा.

बेननी रजिस्टर थोडं वर सरकवलं आणि पुन्हा दाबून धरलं.